ऑरेंज म्हटलं की संत्रंच, हे ठरवलं कोणी?

दर हिवाळ्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फोटो येतो. डावीकडे सोललेलं संत्रं, उजवीकडे अर्धी कापलेली मोसंबी, खाली आकडे: ऑरेंज, १०० ग्रॅमला व्हिटॅमिन सी ५३ मिलिग्रॅम, लाइम २९. मग मावशी लिहिते, "म्हणून सांगत असते, आजाऱ्याला मोसंबी नका नेऊ, संत्री न्या", त्याखाली आठ-दहा अंगठे, आणि झालं, पुढच्या वर्षापर्यंत हेच ज्ञान.

गंमत अशी की दोन्ही आकडे खरे आहेत, फोटो चुकीचे आहेत. ५३ मोसंबीखाली असता तर एक वेळ चाललं असतं, आणि २९ हा सरळसरळ लिंबाचा आकडा आहे हो, सरबतातल्या लिंबाचा!

संत्रं काय ते मी सांगत बसत नाही. सैल साल, नखाने सुटते, बसमध्ये कोणी सोललं तर मागच्या सीटपर्यंत वास. नागपूर, काटोल, वरुड, मोर्शी, आंबिया बहार आणि मृग बहार असे दोन हंगाम, २०१४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन. पुढे चला.

घोळ आहे तो 'ऑरेंज' या शब्दात. नेटवर किंवा कॅलरी मोजायच्या ॲपमध्ये जे आकडे असतात ते बहुतेक अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यातून उचललेले असतात आणि तिथे ऑरेंज म्हणजे व्हॅलेन्शिया, नेव्हल वगैरे, घट्ट सालीचं फळ, जे सोलायला बहुधा सुरी लागते, शास्त्रीय नाव सिट्रस सायनेन्सिस. आपलं नागपुरी संत्रं त्या जातीचं नाहीच. ते मँडरिन, सिट्रस रेटिक्युलाटा. त्याच तक्त्यात मँडरिनची वेगळी ओळ आहे, टँजरिन या नावाखाली, आणि तिथे व्हिटॅमिन सी आहे २६.७. म्हणजे निम्मं! पण ती ओळ बघतो कोण, आपण 'ऑरेंज' टाइप करतो आणि पहिलं येईल ते घेतो.

आता मोसंबी. आपल्याकडची फळबागेची पुस्तकं उघडा, मोसंबी सातगुडी, माल्टा, व्हॅलेन्शिया यांच्या पंगतीत बसलेली दिसेल, म्हणजे स्वीट ऑरेंजमध्ये, त्याच सिट्रस सायनेन्सिसमध्ये. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये जीआय मिळालं ते कुठल्या नावाने? 'जालना स्वीट ऑरेंज'. लाइम नाही, लेमन नाही. काही जण तिला सिट्रस लिमेट्टा म्हणतात, त्यावर वाद घालणारे घालोत, पण तरी ती सरबताचं लिंबू होत नाही. आणि नात्याचंच म्हणाल तर स्वीट ऑरेंज मुळात पपनस आणि मँडरिनच्या संकरातून आलंय, म्हणजे संत्र्याच्या घराण्याचं रक्त मोसंबीत आहेच, फक्त आडनाव वेगळं.

तरी मॉलमध्ये जाऊन बघा. एका ट्रेवर 'इम्पोर्टेड ऑरेंज', प्रत्येकाला स्टिकर, भाव असा की हात मागे येतो. शेजारच्या ट्रेमध्ये हिरवट-पिवळी मोसंबी, पाटी 'स्वीट लाइम', भाव निम्मा. दोघी जवळच्या बहिणी! एक थंड हवेत वाढली म्हणून नारिंगी झाली, दुसरी आपल्या उन्हात, रात्री पुरेशा गार नाहीत म्हणून सालीचा हिरवा रंग सुटला नाही. लोक इम्पोर्टेडच्या ट्रेला जातात, व्हिटॅमिन सी जास्त म्हणून. मला तिथे उभं राहून ओरडावंसं वाटतं, पण नवरा सोबत असतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यातही व्हिटॅमिन सी मोसंबीतच जास्त दिसतं: १०० ग्रॅमला संत्रं ३०, मोसंबी ५०. दुर्दैवाने त्या तक्त्यातही मोसंबी 'लाइम, स्वीट' अशीच लिहिलीय, त्यामुळे दुकानदाराला तरी नावं ठेवणार कशी. पण आकडा बघा ना, नाव सोडा.

हे सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, "पण मोसंबी तर आंबट नसते." इथे खरी मेख आहे. जिभेला आंबट लागतं ते मुख्यतः सायट्रिक ॲसिडमुळे. व्हिटॅमिन सी म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिड, ते त्या मानाने इतकं थोडं असतं की जिभेला त्याचा हिशोब लागत नाही. पटत नसेल तर पेरू खा, आंबटाचा पत्ता नाही आणि १०० ग्रॅमला २२८. मोसंबीत सायट्रिक ॲसिड कमी म्हणून ती गोड लागते, बस्. आणि याच कारणाने डायबेटिसवाले मोसंबीला घाबरतात आणि आंबटगोड संत्रं बिनधास्त खातात, तेही उलटंच, साखर ऑरेंजमध्ये साधारण साडेनऊ ग्रॅम आणि मँडरिनमध्ये साडेदहा. फार फरक नाही, पण आहे तो जीभ सांगते त्याच्या विरुद्ध दिशेला.

आईला एका डाएटिशियनने चार्ट दिला होता, छापील, सकाळी ११ वाजता 'एक ऑरेंज'. आईने विचारलं, "म्हणजे संत्रं ना?" तिकडून उत्तर, "हो तेच, एकच असतं." मग मी घरी किचनचा काटाच काढला. मोसंबी भरली २१० ग्रॅम, साल, बिया, पांढरं सगळं काढल्यावर खाण्यासारखा गर १३०. संत्रं १५०, सोलून ११०. जुन्या तक्त्याने गुणलं तर मोसंबीतून ६५ मिलिग्रॅम आणि संत्र्यातून ३३. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२० मध्ये बायकांसाठी रोजचं प्रमाण सांगितलंय ते ६५च, पुरुषांसाठी ८०. म्हणजे एका मोसंबीत आईचं काम झालं, संत्री दोन लागतील. एकच असतं म्हणे!

कॅलरी, कॅल्शियम, पोटॅशियम यात भांडण्यासारखं काही नाही, उन्नीस-बीस. फायबर तक्त्यात ऑरेंजला जास्त दिसतं, २.४ विरुद्ध मँडरिनचे १.८, पण आपल्या घरात ते उलटतं, कारण संत्र्याची फोड आपण अख्खी गिळतो आणि मोसंबीचा चोथा थुंकतो. थुंकलेलं फायबर मोजायचं नसतं.

संत्रं खरंच जिंकतं ते कॅरोटीनमध्ये, ज्यातून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं. तो नारिंगी रंग उगाच नाही. अमेरिकन तक्त्यात व्हिटॅमिन ए मँडरिनला ३४ मायक्रोग्रॅम आणि ऑरेंजला ११, आणि आपल्या जुन्या तक्त्यात तर संत्र्याला हजारावर मायक्रोग्रॅम कॅरोटीन आणि मोसंबीला शून्य. तेव्हा संत्रं डोळ्यांसाठी म्हणून खा, चवीसाठी खा, मी स्वतः चवीला संत्र्याच्याच बाजूची आहे, मृगाचं असेल तर विचारूच नका. फक्त सर्दी झाली की 'सी पाहिजे' म्हणून संत्र्याची पिशवी आणू नका.

आणि तेही संत्रंच आहे ना हे बघा. जानेवारीत पुण्या-मुंबईत गाडीवर 'नागपुरी, नागपुरी' म्हणून ज्याचा ढीग असतो ते बऱ्याचदा किनो असतं, चकचकीत, साल अंगाला चिकटलेली, बियाच बिया. तो कॅलिफोर्नियात केलेला संकर, १९३५ मध्ये लागवडीसाठी दिलेला, मँडरिनच आहे, फळ वाईट नाही, पण त्याला नागपुरी म्हणणाऱ्याशी मी भाव करत नाही, सरळ पुढे जाते.

मोसंबी ज्यूसबद्दल एवढंच, की समोर काढून लगेच प्यायचा. बाटलीत भरून दवाखान्यात नेला की थोड्या वेळाने कडवट होतो. रसवाल्याने काही मिसळलेलं नसतं, बियांतलं आणि पांढऱ्या सालीतलं जे रसात उतरतं त्याचं आंबट रसात हळूहळू लिमोनिन बनतं, ते कडू. मग तो कडूपणा मारायला साखर आणि चाट मसाला, आणि चोथा आधीच मशीनच्या मागच्या डब्यात. आजाऱ्याकडे मोसंबी अख्खीच न्या, सोबत सुरी न्या, आणि फोडी सोलून देईपर्यंत तिथे बसा.

आईने चार्टवर 'ऑरेंज' खोडून पेनाने 'मोसंबी' लिहिलंय. चोथा मात्र अजून थुंकते.