मणक्यातून बाहेर आलेली गादी जाते कुठे?

केळीची कापणी जोरात असली की रावेर, यावल, सावदा या पट्ट्यात कंबर धरून चालणारी माणसे जास्त दिसू लागतात. झाडावरून उतरवलेला वीस-पंचवीस किलोंचा घड खांद्यावर घ्यायचा, ओल्या सरीतून तो बांधापर्यंत आणायचा, वाकून खाली ठेवायचा, पुन्हा उचलून ट्रॉलीत चढवायचा, आणि हेच काम ट्रॉली भरेपर्यंत चालू ठेवायचे, अशी ही मजुरी आहे. तीत एखाद्या घडाला कंबरेत कळ उठते आणि ती मांडीच्या मागून पोटरीत व तेथून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरते. मग जळगावला किंवा भुसावळला जाऊन एमआरआय काढला जातो, अहवालात ‘एल फोर-एल फाइव्ह’ (कंबरेचा चौथा-पाचवा मणका) असे काहीतरी लिहून येते, आणि घरात सर्वांचे एकमत होते की गादी सरकली आहे, ती आता कोणीतरी जागेवर बसवायला हवी, नाहीतर ऑपरेशनला पर्याय नाही.

या समजुतीत दोन चुका आहेत. गादी वरच्या व खालच्या मणक्याला घट्ट जखडलेली असते, त्यामुळे ती सबंध कधीच सरकत नाही. फाटते ते तिचे कडेचे वलय, आणि त्या फटीतून आतला मऊ गाभा थोडासा बाहेर येतो. दुसरी चूक आहे ती गादी जागेवर बसवण्याच्या कल्पनेत. हा बाहेर आलेला गाभा बाहेरून दाबून, ओढून किंवा चोळून परत आत घालता येत नाही, आणि तसे करण्याची गरजही नसते, कारण बहुतेक रुग्णांच्या बाबतीत त्यांचेच शरीर तो हळूहळू खाऊन टाकते. आपल्या शरीरात चालणाऱ्या दुरुस्तीच्या कामांपैकी हे मला सर्वांत विलक्षण वाटते, आणि नेमके याविषयीच रुग्णाला फारसे कोणी सांगत नाही.

आपल्या कण्यात अशा २३ गाद्या आहेत. प्रत्येक गादीच्या मध्यभागी पाण्याने फुगलेला, जेलीसारखा गाभा असतो आणि त्याच्याभोवती कोलॅजन या चिवट प्रथिनाच्या तंतूंचे अनेक थरांचे वलय असते. एका थरातील तंतू एका दिशेला तिरपे, तर लगतच्या थरातील विरुद्ध दिशेला तिरपे असतात. या रचनेवर किती दाब येतो हे जर्मनीतील उल्म येथील संशोधकांनी प्रत्यक्ष मोजले आणि १९९९ साली प्रसिद्ध केले. त्यांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या चौथ्या-पाचव्या कटिमणक्यांमधील गादीत दाबमापक बसवला आणि त्याला उभे राहणे, बसणे, झोपणे, वजन उचलणे अशा सर्व हालचाली करायला लावल्या. आडवे पडल्यावर दाब सुमारे ०.१ मेगापास्कल होता, उभे राहिल्यावर तो ०.५ झाला, आणि पाठ गोल करून, कंबरेत वाकून २० किलो वजन उचलताना तो २.३ पर्यंत चढला, म्हणजे मोटारीच्या चाकात जेवढी हवा भरतात तिच्या दाबाच्या सुमारे दहापट. तेच वजन गुडघे वाकवून उचलले तेव्हा दाब १.७ भरला, आणि अंगाशी घट्ट धरले तेव्हा सुमारे १.१. एक घड साधारण याच वजनाचा असतो, तेव्हा वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्याच्या वलयाला एखाद्या दिवशी चीर पडली तर त्यात आश्चर्य नाही.

गाभा बाहेर येतो तो बहुधा मागे व बाजूला, कारण तेथे वलयाला आधार देणारा अस्थिबंध अरुंद असतो, आणि दुर्दैवाने पायाकडे जाणाऱ्या नसेचे मूळ तेथूनच निघते. वेदना त्या नसेवरील दाबामुळे होते असे फार काळ मानले जात होते. १९३४ साली अमेरिकेतील मिक्स्टर आणि बार या शल्यविशारदांनी फुटलेली गादी व पायात उतरणारी कळ यांचा संबंध दाखवून दिला आणि दाब काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ केली, त्यामुळे ही कल्पना अधिकच पक्की झाली. पण १९९३ साली स्वीडनमधील ओल्मार्कर आणि सहकाऱ्यांनी डुकरांच्या नसमुळावर गाभ्याचा अंश नुसता ठेवला, दाब मुळीच दिला नाही, तरीही नस बिघडली. गाभ्यातील द्रव्ये नसेला दाह करतात, आणि कळ येते ती दाब व दाह या दोहोंमुळे. एमआरआयमध्ये बाहेर आलेल्या गाभ्याची गाठ तेवढीच दिसत असताना काही आठवड्यांत रुग्णाचे दुखणे उतरते, याचे कारण हेच आहे की दाह आधी ओसरतो आणि गाठ नंतर जाते.

आता ती गाठ जाते कशी हे पाहू. प्रौढ माणसाच्या गादीच्या गाभ्यात रक्तवाहिन्या नसतात. तेथील पेशींना लागणारा प्राणवायू आणि ग्लुकोज मणक्याच्या पृष्ठभागातील केशवाहिन्यांपासून सात-आठ मिलिमीटर झिरपत यावे लागते. हा गाभा गर्भावस्थेतील पृष्ठरज्जूपासून (नोटोकॉर्ड; मज्जारज्जू नव्हे) तयार होतो, त्याच्याभोवती वलयाची भिंत उभी राहते, आणि त्यानंतर रक्तातील पहारेकरी पेशींचा त्याच्याशी संबंध येत नाही. म्हणून तो आपलाच असला तरी शरीराच्या रोगप्रतिकार यंत्रणेला अनोळखी राहतो असे मानले जाते. वलय फाटून तो मणक्यांच्या नळीत, रक्तवाहिन्यांच्या शेजारी येऊन पडला की ही यंत्रणा त्याला परका पदार्थ समजते. त्याच्या कडेने नव्या केशवाहिन्या फुटतात आणि त्यांतून महाभक्षक पेशी, म्हणजे नको ते गिळून टाकणाऱ्या पेशी, तेथे पोहोचतात. शिरेतून गॅडोलिनियम हे चित्र उजळवणारे द्रव्य देऊन काढलेल्या एमआरआयमध्ये या नव्या वाहिन्यांचे कडे गाठीभोवती उजळलेले दिसते, आणि ते कडे जितके जाड, तितकी गाठ लवकर विरघळण्याची शक्यता जास्त असते.

पुढची साखळी २००० साली हारो आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या पेशींवर उलगडली. महाभक्षक पेशी एमएमपी-७ नावाचे विकर (एन्झाइम) बनवतात. ते विकर त्याच पेशींच्या पृष्ठभागावर अडकलेला टीएनएफ-अल्फा हा संदेशवाहक रेणू कापून मोकळा करते. हा रेणू गादीतील कूर्चापेशींपर्यंत गेला की त्या एमएमपी-३ नावाचे दुसरे विकर तयार करू लागतात. आणि या दुसऱ्या विकरामुळे असे एक द्रव्य निर्माण होते की ज्याच्या ओढीने आणखी महाभक्षक पेशी गाठीच्या आत शिरतात. गादीच्या पेशींना एमएमपी-३ बनवता येणार नाही अशी जनुकीय व्यवस्था केल्यावर भक्षक पेशी आत शिरल्याच नाहीत. म्हणजे गादीचा तुकडा स्वतःच्या नाशाचे आमंत्रण स्वतःच पाठवतो, आणि ज्या टीएनएफ-अल्फामुळे नस पेटून रात्रभर झोप लागत नाही, तोच रेणू सफाईचे काम सुरू करून देतो.

यातून निघणारा निष्कर्ष चमत्कारिक असला तरी तपासलेला आहे. आधीच्या अनेक अभ्यासांचा २०१५ साली एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा मूळ गादीपासून तुटून सुटा पडलेला तुकडा ९६ टक्के रुग्णांत शस्त्रक्रियेशिवाय आपोआप लहान झाल्याचे किंवा नाहीसा झाल्याचे आढळले. वलय फाडून बाहेर आलेल्या गाभ्यासाठी हे प्रमाण ७० टक्के होते, कमी बाहेर आलेल्यासाठी ४१, आणि गादी नुसती फुगलेली असेल तर अवघे १३. एमआरआयमध्ये जे चित्र सर्वांत भयंकर दिसते तेच आपोआप निवळण्याची शक्यता सर्वांत अधिक असते, कारण भक्षक पेशींना तेथपर्यंत पोहोचायला वाट मोकळी असते. याउलट साधी फुगवटी कमी विरघळते, पण ती वेदनेशिवायही असू शकते. कुठलेही दुखणे नसलेल्या वीस वर्षांच्या तरुणांच्या चित्रांतही सुमारे ३० टक्क्यांमध्ये फुगलेली गादी आढळते, म्हणून अहवालातील शब्द वाचून घाबरण्याआधी ते दुखण्याशी जुळतात का, हे डॉक्टरांना विचारावे.

हाच गाभा विकर टोचून विरघळवण्याचा प्रयत्नही झाला, आणि त्याची हकिगत शहादा तालुक्यातील पपई उत्पादकांना रुचेल. १९५६ साली लुईस थॉमस या अमेरिकन डॉक्टरांनी पपईच्या चिकापासून काढलेले पपेन सशांच्या शिरेत टोचले, तेव्हा काही तासांत सशांचे ताठ कान लुळे पडले, कारण कानातील कूर्चेचे आधारद्रव्य विरघळले होते. काही दिवसांत ते पुन्हा उभे राहिले. ते वाचून लायमन स्मिथ या अमेरिकन शल्यविशारदांनी पपईतीलच कायमोपपेन हे विकर माणसाच्या गादीत टोचले आणि १९६४ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. १९८२ साली अमेरिकेत या औषधाला परवानगी मिळाली, पण काही रुग्णांना त्याची जीवघेणी ॲलर्जी झाली, काहींच्या मज्जारज्जूला इजा पोहोचली, आणि अखेर ते बाजारातून गेले. पुढे जपानने २०१८ साली काँडोलिएस या वेगळ्या विकराला मान्यता दिली. पपई खाल्ल्याने किंवा तिचा चीक कंबरेला लावल्याने यातले काहीही घडत नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण असले ‘आयुर्वेदिक रहस्य’ मोबाइलवर फिरायला वेळ लागत नाही.

पायाळू माणसाचा पाय कंबरेला लावून उसण उतरवण्याची प्रथाही अजून टिकून आहे. पायाकडून जन्मलेल्या माणसाच्या पायात काही गुण असतो याला कुठलाही आधार नाही. नुसती उसण असली तर ती काही दिवसांत आपोआप ओसरते आणि श्रेय पायाला मिळते. खेदाची गोष्ट अशी की हाच न्याय एका बैठकीत गादी ‘बसवून’ देणाऱ्यांना आणि स्टेम सेलच्या महागड्या इंजेक्शनांच्या जाहिरातींनाही लागू पडतो, कारण आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारात कोणताही उपाय यशस्वी दिसतो.

म्हणून सफाई चालू असताना रुग्णाने करायचे काय, हा प्रश्न उरतो. पूर्वी महिना-महिना पलंगावर पडून राहायला सांगत. १९९५ साली हेलसिंकीत कंबरदुखीच्या रुग्णांचे तीन गट करून पाहिले, तेव्हा बिछान्यात पडून राहणाऱ्यांपेक्षा व व्यायाम करणाऱ्यांपेक्षा, सोसेल तितके नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर बरे झाले. पायात कळ उतरत असलेल्यांनाही लांबलेल्या विश्रांतीचा लाभ होत नाही. कळ तीव्र असेल तेव्हा एक-दोन दिवस पडावे, वेदनाशामक डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे, आणि मग घरात, अंगणात, गल्लीच्या टोकापर्यंत असे चालणे वाढवत न्यावे. बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळ आराम पडतो. शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे असे मात्र नाही. नेदरलँड्समध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वाट पाहत थांबणाऱ्यांपेक्षा लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर थांबली, पण वर्षअखेरीस दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के लोक बरे झालेले होते. मात्र थांबणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना त्या वर्षात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

वाट पाहू नये अशी काही लक्षणे आहेत. लघवी अडकणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, ही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पाऊल उचलता न आल्यामुळे चालताना चप्पल पायातून निसटू लागली, तर तेही लांबणीवर टाकू नये. ताप, वजन घटणे आणि रात्री वाढणारी पाठदुखी एकत्र असतील तर गादीऐवजी मणक्याचा क्षय शोधावा लागतो. तो आपल्याकडे दुर्मीळ नाही आणि औषधांनी बरा होतो.

कामावर परतताना घड अंगाशी धरावा, एका माणसाने सलग वाहू नये, टोळीत आळीपाळी ठेवावी. सकाळचा पहिला तासही सांभाळावा लागतो. रात्रभर आडवे पडल्यावर गादी पाणी शोषून फुगते. उल्मच्या त्या स्वयंसेवकाच्या गादीतील दाब झोपेच्या सात तासांत ०.१० वरून ०.२४ मेगापास्कलवर गेला होता. अशा फुगलेल्या गादीला वाकणे अधिक ताण देते, आणि १९९८ साली स्नूक यांनी जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना उठल्यानंतर वाकणे टाळायला सांगितले तेव्हा त्यांचे दुखणे कमी झाल्याचे दिसले. पहाटे बागेत पोहोचल्यावर पहिल्याच क्षणी घडाला हात घालण्यापेक्षा थोडा वेळ उभ्याने करायची कामे उरकावीत आणि वाहतूक त्यानंतर सुरू करावी.