सापाची अंडी आणि ‘एकास एक’चा घोळ

मुंबईत सर्पमित्रांकडे अंडी येतात ती बहुधा पावसाच्या तोंडावर. पायाचं खोदकाम सुरू होतं, मलब्याचा ढीग उपसला जातो आणि खाली धामणीची नाहीतर नागाची अंडी निघतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘प्राणी’ या शब्दाच्या व्याख्येतच सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी धरलेली आहेत, त्यामुळे वनखात्याला कळवूनच पुढचं पाऊल टाकायचं. जागा मोडलेली असते, अंडी परत ठेवता येत नाहीत. मग अंडी उबवायचा डबा येतो, आणि डब्यात काय भरायचं हा वाद.

अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून स्नायू थरथरवते आणि ऊब देते; ही ऊब १८४१ मध्ये पॅरिसमध्ये नोंदली गेली. धामण असं काही करत नाही. तिची भिस्त जागेवर असते, म्हणून माध्यमाला, म्हणजे डब्यात अंड्यांखाली भरतो त्या गोष्टीला, इतकं महत्त्व.

आधी हाताशी असेल ते वापरलं जाई : रेती, कुंडीतली माती. रेती लवकर सुकते आणि जड असते. मातीबरोबर मुंग्या आणि बुरशी येते. सापाच्या अंड्याचं कवच चामड्यासारखं मऊ असतं, ते भोवतालचं पाणी शोषतं. कोरडं पडलं की अंडं चेपतं, फार ओलं झालं की गर्भ गुदमरतो.

पुढे बागकामाच्या दुकानांत व्हर्मिक्युलाइट आणि परलाइट सहज मिळू लागलं. दोन्ही खनिजं तापवून फुगवलेली, त्यामुळे जवळपास निर्जंतुक. त्यांच्याबरोबरच ‘पाणी एकास एक’, म्हणजे माध्यमाइतकंच पाणी, हे सूत्र आलं आणि इथंच घोटाळा झाला. हे सूत्र वजनाचं आहे. अनेकांनी ते मापाचं धरलं, वाटीला वाटी. फुगवलेलं व्हर्मिक्युलाइट लिटरला साधारण १०० ग्रॅम भरतं. वजनाने एकास एक म्हणजे १०० मिलीलिटर पाणी, मापाने म्हणजे पूर्ण लिटर. दहापट! कोरड्या हवेच्या देशातून आलेल्या सल्ल्यात मधूनमधून पाणी शिंपडणंही असतं. जुलैच्या मुंबईत तसं केलं की डब्याच्या झाकणाखाली थेंब साचतात आणि अंड्यांवर टपकतात. किती अंडी बुरशीने नव्हे, या एका शब्दाच्या घोळाने गेली असतील, याची हळहळ वाटते.

कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याची, गोष्ट वेगळी. स्वस्त, कोपऱ्यावरच्या नर्सरीत मिळणारं, म्हणून त्याचे पुरस्कर्ते भरपूर. पण सुटं कोकोपीट आधीच ओलसर असतं, त्याला वजनाचं सूत्र लावायचं कसं? शिवाय काथ्या खाऱ्या पाण्यात भिजवलेला असेल तर भुश्यात मीठ उतरतं आणि ते अंड्यातलं पाणी बाहेर ओढतं. तीनचारदा धुऊन, मुठीत घट्ट पिळून, थेंब पडेनासा झाल्यावरच ते वापरावं. त्यातही माझा कल व्हर्मिक्युलाइटकडेच, कारण त्यात पाणी मोजता येतं.

अलीकडे माध्यमच नको, पाण्यावर जाळी टाकून अंडी वर ठेवावीत, असं मानणारेही आहेत. खोदकामातून आलेल्या, आधीच चेपलेल्या अंड्यांना मात्र खालून ओलावा हवा असतो. आणि डबा कोणताही असो, अंडं सापडलं तेव्हाची वरची बाजू पेन्सिलने खूण करून तशीच वर राहिली पाहिजे, कारण आत गर्भ कवचाला चिकटलेला असतो.