रोहू आणि बांगडा : सातारा–सांगलीच्या आहारातील दोन मासे

समुद्रकिनारा नसलेल्या सातारा व सांगली जिल्ह्यांच्या मासळी बाजारांत सर्रास मिळणारे दोन मासे. रोहू (शास्त्रीय नाव लॅबिओ रोहिता) हा गोड्या पाण्यातला, कार्प कुळातला मासा. बांगडा (रास्ट्रेलिगर कनागुर्ता) हा अरबी समुद्रातला, सुरमई आणि कुपा ज्या कुळात मोडतात त्याच कुळातला. प्रथिनांच्या बाबतीत दोघांत फारसे डावे-उजवे करता येत नाही. फरक पडतो तो चरबीच्या प्रकारात, काट्यांत आणि मासा पाण्यातून निघून कढईत पडेपर्यंत त्याचे काय होते यात. घाटावरच्या माणसाला या शेवटच्या गोष्टीकडे किनाऱ्यावरच्या माणसापेक्षा जास्त लक्ष द्यावे लागते, आणि पोषणमूल्यांच्या तक्त्यात नेमकी तीच कुठे दिसत नाही.

मासे येतात कुठून

रोहू मूळचा कृष्णेचा नाही. त्याचे घर गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू यांच्या खोऱ्यांत. कृष्णा, कोयना, वारणा या नद्यांचे जुने रहिवासी म्हणजे मरळ, वाम, शिंगाळा, खडशी. रोहू, कटला आणि मृगळ हे मासे पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात, तळ्याच्या साचलेल्या पाण्यात घालत नाहीत. त्यामुळे पूर्वी त्यांचे बीज नदीतूनच गोळा करावे लागे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काची टोचणी देऊन कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले आणि ही अडचण सुटली. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पुढे रोहूची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) देशभर पोचली. धोम, कण्हेर यांसारख्या धरणांच्या या भागात, गावोगावच्या पाझर तलावांत, एवढेच नव्हे तर माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या तालुक्यांतल्या शेततळ्यांतही कार्प मासे वाढवता येऊ लागले. बाजारात आंध्र प्रदेशातून बर्फात येणारा रोहूही असतो, आणि तो स्थानिक माशापेक्षा जास्त प्रवास करून आलेला असतो, हे गिऱ्हाइकाच्या सहसा ध्यानात येत नाही.

बांगडा येतो तो रत्नागिरी, मालवण, गोवा, कारवार या किनाऱ्यावरून. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून पाटण-कराडकडे, रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर आणि पुढे सांगली-मिरजेकडे. महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. त्या दोन महिन्यांत ताजा बांगडा दुर्मीळ होतो आणि बाजार रोहू, कटला, चिलापी व खाऱ्या मासळीवर चालतो. त्यानंतर श्रावण लागतो आणि पुष्कळ घरांत मासळीच बंद होते.

प्रथिने, चरबी आणि ओमेगा-3

100 ग्रॅम कच्च्या मांसात दोन्ही माशांत साधारण 17 ते 20 ग्रॅम प्रथिने असतात. ती पचायला हलकी आहेत आणि सर्व आवश्यक अमिनो आम्ले त्यांत आहेत. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत त्यांपैकी लायसिन हे आम्ल कमी पडते. माशाच्या कालवणाने ती उणीव सहज भरून निघते, मग कालवण रोहूचे असो वा बांगड्याचे.

चरबीचे मात्र तसे नाही. रोहू हा कमी चरबीचा मासा, 100 ग्रॅमला सुमारे दीड ते तीन ग्रॅम. बांगड्याची चरबी ऋतूप्रमाणे पुष्कळ बदलते: अंडी घालून झाल्यावर तो रोहूइतकाच कोरडा असू शकतो, तर पावसाळा सरल्यानंतरच्या महिन्यांत चरबी धरून चांगला तुकतुकीत होतो. बांगड्याचे महत्त्व या चरबीतल्या ईपीए आणि डीएचए या लांब साखळीच्या ओमेगा-3 मेदाम्लांमुळे आहे. 100 ग्रॅम बांगड्यातून ती साधारण अर्धा ग्रॅम, चरबीच्या दिवसांत त्याहूनही अधिक मिळतात. रोहूत त्यांचे प्रमाण कित्येक पटींनी कमी असते. शिवाय रोहूची चरबी त्याच्या खाद्यावर ठरते. भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड घालून वाढवलेल्या माशात ओमेगा-6 ही दुसऱ्या प्रकारची मेदाम्ले वाढतात. तलावातल्या नैसर्गिक शेवाळ-प्लवकांवर (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर) वाढलेल्या माशाची चरबी तुलनेने बरी असते.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञसमितीने प्रौढांसाठी ईपीए व डीएचए मिळून रोज किमान 250 मिलिग्रॅम, तर गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी 300 मिलिग्रॅम (त्यात किमान 200 मिलिग्रॅम डीएचए) असे प्रमाण सुचवले आहे. आठवड्यातून दोनदा बांगडा खाणाऱ्याची ही गरज बहुतांशी भागते. केवळ रोहू खाऊन ती भागवायची तर जवळपास रोज मासे खावे लागतील.

इथे जवसाची चटणी आठवणे साहजिक आहे, कारण या दोन्ही जिल्ह्यांत ती भाकरीबरोबर आवडीने खाल्ली जाते आणि तिच्यातही ओमेगा-3 आहे. पण जवसातले मेदाम्ल वेगळे, अल्फा-लिनोलेनिक. शरीर त्यातला थोडासाच भाग ईपीएत बदलते आणि डीएचएत तर नगण्यच. जवस खावे, त्याचे स्वतःचे गुण आहेत. पण ते बांगड्याच्या ऐवजी धरता येत नाही.

जीवनसत्त्वे आणि खनिजे यांतही बांगडा काहीसा सरस आहे. ड जीवनसत्त्व, ब-12, सेलेनियम आणि आयोडीन त्यात चांगले असते. ब-12 रोहूतही आहे, आणि जिथे मटण-मासळी आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वारीच शिजते, सोमवार, गुरुवार, शनिवार पाळले जातात, तिथे दोन्हींपैकी कोणताही मासा या जीवनसत्त्वासाठी मोलाचा ठरतो. कॅल्शियमचे आकडे जपून वाचावेत. तक्त्यांत दिसणारे मोठे आकडे बऱ्याचदा बारीक काट्यांसकट केलेल्या मोजणीचे असतात. काटे काढून टाकले की कॅल्शियमही त्यांच्याबरोबर जाते.

हृदय, सांधे आणि काटे

मासे नियमित खाणाऱ्या लोकांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळतात, असे अनेक देशांतल्या निरीक्षणांतून दिसले आहे. ओमेगा-3 मेदाम्ले रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी कमी करतात, हे चांगले सिद्ध झालेले आहे. या दृष्टीने बांगडा उजवा. तरी रोहूला कमी लेखण्याचे कारण नाही. रविवारच्या तांबड्या रश्श्यातले चरबीचे मटण काढून त्या जागी रोहूची तुकडी आली, तर संतृप्त चरबी लगेच घटते, आणि हा फायदा ओमेगा-3 च्या हिशेबात धरलेला नसतो. वजन उतरवू पाहणाऱ्याला तर रोहू विशेष सोयीचा.

तळण्याने मात्र हिशेब बिघडतो. भाजलेल्या किंवा कालवणात शिजवलेल्या माशाशी जोडलेले हृदयाचे फायदे तळलेल्या माशाच्या बाबतीत दिसत नाहीत, असे अभ्यासांत आढळले आहे. रवा लावून कढईभर तेलात सोडलेली तुकडी बाहेरून तेल धरते. कांदा-लसूण मसाला, सुके खोबरे, तीळ आणि चिंच घालून केलेले घाटावरचे कालवण या बाबतीत उत्तम. फक्त तवंग बेताचा हवा.

बांगड्यात प्युरिन (ज्यापासून शरीरात यूरिक ॲसिड बनते) जास्त असल्याने ज्यांचे यूरिक ॲसिड वाढलेले आहे किंवा ज्यांना गाउटचा त्रास आहे त्यांनी तो कमी खावा. त्यांना रोहू मर्यादेत चालतो. लहान मुले आणि वयस्कर यांच्या बाबतीत मात्र उलटे. रोहूच्या मांसात, विशेषतः शेपटीकडच्या भागात, इंग्रजी Y अक्षराच्या आकाराचे, केसासारखे बारीक काटे विखुरलेले असतात आणि ते घशात अडकतात. बांगड्याचा मधला काटा धरून ओढला की बहुतेक सगळा सांगाडा एकसंध निघून येतो.

पाऱ्याची भीती बांगड्याच्या बाबतीत फारशी नाही. तो लहान, थोड्या आयुष्याचा आणि प्लवकांवर जगणारा मासा आहे. पारा साठतो तो मोठ्या शिकारी माशांत. इंटरनेटवर गरोदर स्त्रियांना मॅकरेल टाळण्याचा जो इशारा वाचायला मिळतो, तो अटलांटिक महासागरातल्या किंग मॅकरेल या सुरमईच्या नात्यातल्या मोठ्या शिकारी माशाविषयी आहे, आपल्या बांगड्याविषयी नाही.

बर्फ तुटला तर

बांगड्याच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा मेल्यावर तो गार राहिला नाही तर जीवाणू त्याचे हिस्टामिन करतात. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात तोंडात मिरी चावल्यासारखी चुणचुण होते, चेहरा व मान लाल होते, डोके ठणकते, अंगावर गांधी उठतात, कधी उलट्या-जुलाब होतात. लक्षणे ॲलर्जीसारखीच दिसतात, म्हणून रोग्याला ‘तुम्हाला मासे चालत नाहीत’ असे सांगून टाकले जाते आणि तो माणूस कारण नसताना कायमचा मासळीला मुकतो. एकाच ताटातला बांगडा खाऊन घरातल्या अनेकांना त्रास झाला असेल, तर ते बहुधा हिस्टामिनच.

हे विष एकदा तयार झाले की शिजवून, तळून, गोठवून जात नाही. सांगलीच्या हळदीने किंवा मिठा-चिंचेने वास मरतो, पण हिस्टामिन तसेच राहते. मासा डोळ्यांना ताजा दिसत असतानाही ते असू शकते. म्हणून बांगडा घेताना डोळे-कल्ले तर पाहावेतच, पण त्याहून आधी बर्फ पाहावा. खोक्यात मासा बर्फात पुरलेला आहे, की पाटीवर उन्हात मांडून वर नुसता मूठभर चुरा टाकलेला आहे? डोळा फुगीर व स्वच्छ, कल्ले लाल, पोट घट्ट, बोटाने दाबल्यास खड्डा न पडणारा, असा मासा बर्फातून काढून देणाऱ्याकडूनच घ्यावा. घरी आणल्यावर लगेच साफ करून फ्रीजमध्ये ठेवावा. दुपारच्या बाजारातला बांगडा पिशवीत तसाच ठेवून चार कामे उरकून संध्याकाळी घरी जाणे, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, धोक्याचे. रोहूत हिस्टिडिन कमी असल्याने हा धोका जवळपास नाही. तो नासला तर वासाने कळतो.

रोहूचे धोके : पित्त आणि पाणी

रोहू साफ करताना काळजाला (यकृताला) चिकटलेली गर्द हिरव्या रंगाची पित्ताची पिशवी दिसते. ती अखंड काढून टाकावी लागते. सुरीचे टोक लागून फुटली तर आजूबाजूचे मांस कडू होते. पण प्रश्न निव्वळ चवीचा नाही. कार्प माशांच्या पित्तातील सायप्रिनॉल व त्याचे क्षार मूत्रपिंड आणि यकृत यांना विषारी आहेत. देशाच्या काही भागांत मधुमेह, दमा किंवा दृष्टीवर औषध म्हणून हे पित्त कच्चे गिळले जाते, आणि त्यानंतर मूत्रपिंडे बंद पडून डायलिसिस करावे लागलेल्या रुग्णांची नोंद वैद्यकीय वाङ्मयात वारंवार झाली आहे. शिजवल्याने हे विष जात नाही. कोणी कितीही खात्रीने सांगितले तरी हा उपाय करू नये.

दुसरी बाब पाण्याची. मासा ज्या पाण्यात वाढतो ते त्याच्या मांसात उतरते. कृष्णाकाठ हा उसाचा, साखर कारखान्यांचा आणि वाढत्या शहरांचा पट्टा आहे. उन्हाळ्यात प्रवाह मंदावला की सांडपाण्याने पाण्यातला प्राणवायू घटतो, आणि सांगलीजवळ मेलेले मासे तरंगताना दिसण्याच्या घटना गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा घडल्या आहेत. असे मासे गोळा करून खाणे वा विकणे सर्वथा टाळावे. घाटमाथ्याजवळच्या धरणातला किंवा स्वच्छ पाण्याच्या शेततळ्यातला रोहू आणि शहराच्या नाल्याखालचा रोहू यांना एकच पोषणमूल्य लावणे चुकीचे आहे.

समजुती

चरकसंहितेत माशांमध्ये रोहित, म्हणजे रोहू, हितकर म्हणून श्रेष्ठ मानला आहे, आणि दुधाबरोबर मासे खाणे विरुद्धाहारात, म्हणजे एकत्र खाऊ नयेत अशा पदार्थांत, धरले आहे. त्याचाच विस्तार होऊन ‘मासे खाऊन दूध प्यायले की कोड येते’ ही समजूत घरोघर पक्की बसली. कोड हा त्वचेतील रंगपेशी नष्ट झाल्याने होणारा विकार आहे आणि मासे-दुधाशी त्याचा संबंध आधुनिक वैद्यकात आढळलेला नाही. ही समजूत केवळ चुकीची नाही, तर कोड असलेल्या माणसावर दोष लादणारीही आहे.

खारा बांगडा

आठवडी बाजारात बोंबील, जवळा, वाकटी यांच्या शेजारी मिठात मुरवून वाळवलेला बांगडा असतो. चुलीच्या निखाऱ्यावर भाजून, कांदा आणि भाकरीबरोबर तो खाल्ला जातो. त्यात पाणी कमी असल्याने वजनाच्या मानाने प्रथिने जास्त, पण ओमेगा-3 चा काही भाग वाळवणीत हवेने खवट होऊन जातो आणि मीठ अतोनात असते. एका लहानशा बांगड्यात दिवसभराच्या मिठाचा मोठा वाटा निघू शकतो. गरम पाण्यात भिजवून ते पाणी एक-दोनदा टाकून दिल्यास मीठ बरेच उतरते, सगळे नाही. उच्च रक्तदाब, हृदयाची दुर्बलता किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तो टाळावा. त्यांना ताजा बांगडा किंवा रोहू चालतो. मूत्रपिंडाच्या रुग्णाने मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.