फूल, दोन पाने आणि प्रश्नावली

गोव्यात कोणाच्या दारात जाऊन ‘ओपिनियन पोल घ्यायला आलोय’ असे म्हणू नये. बाजार सर्वेक्षणाच्या फील्डवर नवा असताना फोंड्याच्या बाजूला एका घरात मी ही चूक केली. आजोबांनी खुर्ची दिली, पाणी दिले आणि विलीनीकरण का व्हायला हवे होते हे तासभर ऐकवले. माझ्या हातातली प्रश्नावली कपडे धुण्याच्या पावडरीची होती.

आजोबांचे काही चुकले नव्हते. या दोन शब्दांना इथे एकच अर्थ आहे: 16 जानेवारी 1967. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, याचा कौल त्या दिवशी घेतला गेला. नाव ओपिनियन पोल असले तरी ते सर्वेक्षण नव्हते, सरळ सार्वमत होते. केंद्रशासित राहण्याच्या बाजूने 1,72,191 मते पडली, विलीनीकरणाला 1,38,170. निकालावर अजून वाद झडतात, त्यात मी पडत नाही. सर्वेक्षणवाल्याला त्यातली रचना पाहण्यासारखी वाटते. प्रश्न एक, उत्तरे दोन आणि दोन्ही चित्रांत: विलीनीकरणाला फूल, केंद्रशासिताला दोन पाने. मराठी की कोकणी यावरून घराघरांत भांडणे चालली होती, आणि मत देणाऱ्याला मात्र एक अक्षरही वाचावे लागत नव्हते. विचारणारा तटस्थ दिसावा म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने आधीच, डिसेंबर 1966 मध्ये, राजीनामा दिला होता. आणि मुंबईत किंवा परदेशी राहणाऱ्या गोवेकरांना मत नव्हते.

कोणाला विचारायचे, कोणत्या रूपात विचारायचे आणि विचारणारा कोण, हे तीन निर्णय. बाजार संशोधनात ‘पद्धत निवडणे’ म्हणतात ते हेच. घरोघरी, फोनवर की लिंक पाठवून, ही यादी नंतरची. कंपन्यांच्या बैठकीत मात्र सुरुवात शेवटाकडून होते: दर फॉर्ममागे खर्च किती?

पहिल्या निर्णयाचा धडा अमेरिकेत 1936 साली महागात मिळाला. ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे 1 कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. पत्ते घेतले टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारमालकांच्या नोंदींतून. सुमारे 23 लाख उत्तरे परत आली आणि रूझवेल्टचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असे छापून आले. प्रत्यक्षात रूझवेल्टनी 48 पैकी 46 राज्ये घेतली. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपचा नमुना, म्हणजे विचारलेल्या माणसांची संख्या, त्यामानाने चिमूटभर, पण त्याचा अंदाज बरोबर निघाला. मंदीच्या दिवसांत फोन आणि मोटार कोणाकडे होती हे सांगायला नको. त्याहून मोठी मेख परत न आलेल्या पाऊण कोटी मतपत्रिकांत होती. उत्तर देणारे आणि न देणारे एकसारखे नसतात. गॅलपलाही 1948 साली ठेच लागलीच. ट्रुमन हरणार असे सांगून तो मोकळा झाला होता.

आपल्याकडे हे शास्त्र बाजारातून आले नाही, शेतातून आले. इंग्लंडमधल्या रेडिंग शहरात साधारण दर वीस घरांमागे एक घर निवडून पाहणी करणारे आर्थर बाउली 1934 च्या सुमारास डेनिस रॉबर्टसन यांच्याबरोबर भारताच्या आर्थिक पाहणीचा आराखडा करून गेले. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी कोलकात्यात 1931 साली भारतीय सांख्यिकी संस्था काढली होती. 1937 पासून ते बंगालातल्या तागाचे क्षेत्र नमुन्यावरून मोजू लागले. त्यांची एक युक्ती मला आजही फार आवडते. एकाच भागात दोन स्वतंत्र नमुने घ्यायचे आणि दोन वेगळ्या तुकड्यांना धाडायचे. दोघांच्या आकड्यांत जी तफावत पडेल तिच्यातून नमुन्याचा चढउतार आणि माणसांच्या चुका दोन्ही उघड्या पडतात. आमच्याकडे सुपरवायझर काही घरांत पुन्हा जाऊन बॅक-चेक करतो, तो याच अविश्वासाच्या कुळातला. राष्ट्रीय नमुना पाहणी 1950 साली सुरू झाली ती याच पायावर.

इथे एका मराठी माणसाला विसरून चालणार नाही. साताऱ्याच्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे. उत्पादनाचा अंदाज बांधण्यासाठी शेतातला केवढा तुकडा कापून मोजावा यावरून त्यांचा महालनोबीसांशी जाहीर वाद झाला. तुकडा लहान घेतला की उत्पादन फुगून दिसते, असे सुखात्मे दाखवत होते. कारण साधे आहे. दोरी लावणाऱ्याच्या मनात काही नसले तरी कडेचे ताट, म्हणजे पिकाचे धाट, आत ओढले जाते, आणि तुकडा जितका छोटा तितका कडेचा वाटा मोठा.

कडेचे ताट आत ओढले जाणे मी वाड्यावाड्यांवर पाहिले आहे. शहरी फील्डचा ठरलेला नियम असा की सुरुवातीच्या घरापासून उजवा हात भिंतीला ठेवून चालायचे आणि ठरावीक घरे सोडून दार वाजवायचे. गोव्यातल्या सासष्टी-बार्देश तालुक्यांच्या वाड्यांत उजव्या हाताला भिंत नसते. काजू असतो, शेजाऱ्याची विहीर असते, बलकावात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यावर, झोपलेला कुत्रा असतो. चार घरांमागे एकाला कुलूप, माणसे लिस्बनला नाहीतर लंडनला. प्रश्न विचारत फिरणारी मुलगी दमते आणि ज्या दारात कोणी हसून ‘या’ म्हणते तिथे शिरते. त्यात दुपारी दुकाने बंद आणि माणसे आडवी झालेली. चारपर्यंत बेल वाजवली तर मिळणारे उत्तर प्रश्नावलीत बसत नाही.

घरात गेल्यावर बोलायचे कोणाशी, याला लेस्ली किश यांनी 1949 मध्ये तक्ता काढून दिला: समोर आला त्याला नव्हे, तक्त्यात निघेल त्याला. तो अजून वापरात आहे, निदान कागदावर. भारतात 1988 साली घरांची सामाजिक-आर्थिक वर्गवारी आली. ती घरातल्या मुख्य कमावत्याच्या शिक्षणावर आणि व्यवसायावर बेतलेली. गोव्यात हा मुख्य कमावता पुष्कळदा जहाजावर. वर्ग त्याच्यावरून ठरतो, साबण मात्र सासू ठरवते. 2011 मध्ये व्यवसाय गेला आणि त्याच्या जागी पंखा, फ्रिज, दुचाकी अशा 11 गोष्टींची मोजणी आली.

विचारणारा कोण, याचे सर्वांत बोलके उदाहरण स्टुअर्ट राइस यांनी 1929 साली मांडले. न्यूयॉर्कमधल्या निराधार पुरुषांच्या जुन्या मुलाखती त्यांनी तपासल्या. दारूबंदीवाल्या मुलाखतकाराच्या कागदांवर दुर्दशेचे कारण दारू निघाले, समाजवाद्याच्या कागदांवर उद्योगांची परिस्थिती. पेयांच्या सर्वेक्षणात कॉलेजची मुलगी समोर बसली की काकांचे ‘कधीतरी सणावाराला’ ठरलेले असते. शेल्फवर फेणीची बाटली उभी असते, आणि तिने लिहायचे ‘कधीतरी’.

भाषेचा गुंता मात्र आमच्याइतका क्वचितच कुठे असेल. फोंडा, डिचोली, सत्तरीच्या कित्येक घरांत पेपर मराठी येतो आणि बोलणे कोकणीत चालते. ख्रिस्ती घरांत बोलणे कोकणीच, पण वाचन इंग्रजी किंवा रोमी (रोमन) लिपीतले. 1987 चा राजभाषा कायदा देवनागरी कोकणीला राजभाषा करतो आणि मराठीच्या वापराचीही सोय ठेवतो. म्हणजे स्वतः भरायचा फॉर्म दिला तर एक भाषा लागते आणि समोर बसून विचारले तर दुसरी. पद्धत बदलली की प्रश्नच बदलतो.

पाव-ब्रेडच्या एका कामात हे अंगाशी आले. मुंबईहून आलेल्या मराठी फॉर्मवर प्रश्न होता, ‘आठवड्यातून किती वेळा ब्रेड घेता?’ म्हापशाकडच्या एका काकींनी शांतपणे सांगितले, ‘आम्ही घेतच नाही.’ तेवढ्यात दाराशी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला. काकी उठल्या आणि चार उंडे, दोन पोयी असे पाव घेऊन परत बसल्या. त्यांच्या लेखी ब्रेड म्हणजे दुकानातला पिशवीबंद, आणि तो त्या खरेच घेत नव्हत्या. लिंक पाठवून हेच विचारले असते तर शून्य आले असते आणि आम्हाला पत्ताही लागला नसता.

फोनची गोष्ट लवकर संपते. अमेरिकेत 1970 च्या दशकात संगणकासमोर बसून फोनवर मुलाखती सुरू झाल्या, तेव्हा आपल्याकडे फोनसाठी वर्षानुवर्षे नंबर लागायचा. मोबाइल 1995 मध्ये आला आणि नको असलेले कॉल थांबवण्याची नोंदणी 2007 मध्ये. मधल्या काळात लोक अनोळखी नंबर उचलत असत. 2020 च्या टाळेबंदीत दार वाजवणेच बंद झाले तेव्हा सरकारी पाहण्यांनाही फोनचा आधार घ्यावा लागला. सरकारी कामात टॅब्लेट त्याआधीच रुळू लागला होता. कागद गेल्याने घरी बसून खोटे फॉर्म भरणारे मुलाखतकार बरेच कमी झाले, कारण वेळ आणि जागा दोन्ही नोंदली जाते.

आमच्या टॅब्लेटवर भाषेची तीन बटणे आहेत: इंग्रजी, हिंदी, मराठी. मुलगी मराठीचे बटण दाबते, स्क्रीनवरचा प्रश्न मनात वाचते आणि काकींना कोकणीत विचारते. त्या वाक्यात तिने ‘ब्रेड’ म्हटले की ‘पाव’, हे कुठल्याच रकान्यात उतरत नाही.