नर मोठा की मादी? एका जुन्या समजुतीची पार्श्वभूमी

आंबा-काजूच्या बागेत वानरांची टोळी उतरली, की कोकणातल्या बागायतदाराची नजर आधी हुप्प्यावर जाते. गवा रस्त्यात आडवा आला, तरी लक्षात राहतो तो उंच खांद्याचा काळाभोर नर. सस्तन प्राण्यांत नरच मोठा, ही समजूत अशा ठळक प्राण्यांवरून रुजते, आणि शास्त्रातही ती फार वेगळ्या वाटेने आलेली नाही.

चार्ल्स डार्विनने १८७१ मध्ये लैंगिक निवडीचा सिद्धांत सविस्तर मांडला. मादीसाठी झुंजणाऱ्या नरांपैकी जो थोराड, त्याची संतती अधिक, म्हणून नर पिढ्यानपिढ्या मोठे होत गेले, असा त्याचा आशय होता. हत्ती-सील या समुद्री प्राण्याच्या, मादीच्या कित्येक पट वजनाच्या नराला तो चपखल लागू पडतो. प्रश्न होता तो सगळ्याच सस्तनांना लागू पडतो का, हा.

१९७६ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ कॅथरीन राल्स यांनी मादी मोठी असलेल्या सस्तनांची यादीच प्रसिद्ध केली. मादीचे वर्चस्व किंवा भांडखोरपणा हे त्यामागचे कारण दिसत नाही, तर थोराड आई ही बहुधा अधिक सक्षम आई ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. २०१५ मध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्याला लागलेला निळा देवमासा याच वर्गातला, कारण त्या जातीत मादी नरापेक्षा मोठी असते. (नाव मात्र आपण पुल्लिंगीच ठेवले आहे.)

तरीही २००७ च्या एका मोठ्या आढाव्यात नर मादीपेक्षा सरासरी सुमारे १८ टक्के जड असल्याचे नोंदले गेले. अशा सरासरीत हत्ती-सीलसारखी टोकाची उदाहरणे पारडे एकीकडे झुकवतात, आणि अभ्यासासाठी निवडल्या जाणाऱ्या प्रजातींत मोठ्या, सहज दिसणाऱ्या प्राण्यांचा भरणा असतो.

२०२४ मध्ये संशोधक काया टोम्बक व सहकाऱ्यांनी प्रत्येक कुळातील (जवळच्या नात्याच्या प्रजातींच्या गटातील) प्रजातींच्या संख्येशी प्रमाण राखून ४२९ प्रजातींची वजने तपासली, तेव्हा नर जड असलेल्या प्रजाती सुमारे ४५ टक्के, फरक नसलेल्या ३९ आणि मादी जड असलेल्या १६ टक्के भरल्या. वटवाघळे आणि कुरतडणारे प्राणी मिळून सस्तनांच्या निम्म्याहून अधिक प्रजाती होतात, त्यामुळे त्यांना योग्य वाटा मिळताच चित्र पालटले. पोटातले पिल्लू घेऊन उडावे लागणाऱ्या वटवाघळाच्या मादीला थोराडपणा उपयोगी पडत असावा. वाद आता मुख्यतः मोजमापाचा आहे: वजन धरावे की लांबी, आणि किती फरकाला 'मोठा' म्हणावे.