ती बाल्कनी 'त्या' राजवाड्याची नव्हे

रोमानियाच्या राजधानीला, बुखारेस्टला जाऊन आलेल्या बहुतेकांकडे एक फोटो असतोच: अवाढव्य संसद भवनाची बाल्कनी आणि खाली लांबलचक उनिरी रस्ता. फोटोबद्दल तक्रार नाही. त्याखाली 'कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूचं शेवटचं भाषण इथेच झालं' असं लिहितात, तिथे माझं डोकं फिरतं.

संसद भवनाबद्दल तुम्ही वाचलेलं असणारच. जुनी वस्ती पाडून 1984 पासून बांधलेलं, मुख्य वास्तुविशारद आंका पेत्रेस्कू, लोकांच्या तोंडी 'कासा पोपोरुलुई', म्हणजे जनतेचं घर. ('जगातली सर्वांत मोठी इमारत' हेही सोडा आता. पेंटॅगॉन आधीपासूनच मोठं होतं, आता तर आपल्या शेजारच्या सुरतेतलं हिऱ्यांचं संकुलही मोठं आहे.)

भाषण झालं ते 21 डिसेंबर 1989 रोजी, इथून दोनेक किलोमीटरवर, कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीच्या इमारतीच्या बाल्कनीतून. जमवून आणलेल्या गर्दीनेच हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीच्या गच्चीवरून नवरा-बायको हेलिकॉप्टरने पळाले आणि 25 तारखेला तिर्गोविश्तेत गोळ्या खाऊन संपले. संसद भवनाचं काम तेव्हा पुरंही झालं नव्हतं. तिथून ना त्याने राज्य केलं, ना तो तिथे राहिला. राहायचा तो प्रिमावेरी भागातल्या बंगल्यात.

घोळ नावाने घातलाय. भाषण 'राजवाडा चौकात' झालं, असं जुन्या बातम्यांत असतं. पण हा राजवाडा म्हणजे समोरचा खराखुरा राजाचा वाडा, आज तिथे राष्ट्रीय कला संग्रहालय आहे. चौकाचं नाव पुढे क्रांती चौक झालं, आणि इकडे जनतेच्या घराला 'संसदेचा राजवाडा' म्हणू लागले. वाचणाऱ्याने दोन्ही राजवाडे एकात कोंबले! शिवाय हुकूमशहाची बाल्कनी भव्यच असणार, हा आपला सिनेमातला समज. प्रत्यक्षात ती फार उंचावरही नाही. केंद्रीय समितीची इमारत तर कम्युनिस्टांनी बांधलेलीसुद्धा नाही, त्यांच्या आधीची आहे. आज तिथे गृह मंत्रालय आहे.

एकाच गोष्टीला वेळ असेल तर मी चौक निवडेन. तिकीट लागत नाही. 'काडीला खोचलेला बटाटा' म्हणून लोक ज्याची टर उडवतात ते क्रांतीचं स्मारकही तिथेच आहे. संसद भवन आतून गाइडबरोबरच दाखवतात. आधी बुकिंग करा, आणि पासपोर्ट मूळचाच न्या, मोबाइलमधल्या फोटोवर भिस्त ठेवू नका.