केस सरळ करण्याचं काम पाणी करतं

कुरळ्या केसांच्या मुलींना नागपुरात वर्षभरात दोन अगदी वेगळे अनुभव येतात. मे महिन्यात रात्री नीट बांधून ठेवलेले केस दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तसेच राहतात. जूनच्या मध्यावर पाऊस आला की तेच केस, तसेच बांधलेले, चौकापर्यंत जाईस्तोवर फुलून येतात. मग कपाटातला स्ट्रेटनर बाहेर निघतो आणि दिवाळीपर्यंत टोकं दुभंगलेली, राठ झालेली दिसतात.

हा फरक का पडतो हे समजलं, की तापलेल्या पट्ट्यांत न दाबताही केस सरळ कसे करता येतील तेही समजतं. दोन्हीच्या मुळाशी पाणी आहे.

केसाचा बहुतेक भाग केराटिन या प्रथिनाचा. त्याच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींना दोन प्रमुख प्रकारच्या बंधांनी धरून असतात. पहिला डायसल्फाइड बंध, म्हणजे गंधकाच्या दोन अणूंमधली गाठ. ती पक्की असते. पाण्याने किंवा तेलाने सुटत नाही. दुसरा हायड्रोजन बंध. एकेकटा अगदी कमकुवत, पण संख्येने प्रचंड. केसात पाणी शिरलं की हे बंध सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात. जुळताना केस ज्या आकारात असेल तोच आकार ते पकडून ठेवतात. सुती साडीला इस्त्री करण्याआधी आपण पाणी शिंपडतो ते याच कारणाने. तिथे प्रथिनाऐवजी सेल्युलोज असतं, पण सुटतात आणि जुळतात ते हायड्रोजन बंधच.

१९३०च्या दशकात इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात विल्यम ॲस्टबरी लोकर आणि केसांवर क्ष-किरण टाकून त्यांची आतली रचना पाहत होते. ओला केस ताणला की क्ष-किरणांनी उमटणारं चित्र बदलतं, आणि ताण सोडून तो पुन्हा ओला केला की जुनं चित्र परत येतं, हे त्यांना दिसलं. कुरळ्या केसांच्या प्रत्येक मुलीला हे अनुभवाने ठाऊक असतं. धुतले की केस पुन्हा कुरळे.

कुरळेपणाचा उगम डोक्याच्या त्वचेच्या आत आहे. केस ज्या मुळातून उगवतो ते कुरळ्या केसांत वाकलेलं असतं. त्यामुळे गाभ्यातल्या पेशी दोन्ही बाजूंना सारख्या बसत नाहीत आणि केस बाहेर येतानाच वळण घेऊन येतो. डायसल्फाइड बंध हे वळण पक्कं करतात. वरून काहीही लावलं तरी मुळाचा आकार बदलत नाही, आणि महिन्याला साधारण एक सेंटिमीटर नवा केस पुन्हा कुरळाच उगवतो. म्हणून ‘कायमचे नैसर्गिकरीत्या सरळ केस’ असं कुणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. दूध, नारळाचं दूध आणि कॉर्नफ्लोअर यांचा लेप केसांना तात्पुरता गुळगुळीत करेल, पण गंधकाची ती गाठ सोडण्याची ताकद त्यात नाही.

मग स्ट्रेटनर नेमकं काय करतो? कोरडं केराटिन कडक असतं. ते नरम पडून नवा आकार घेण्यासाठी खूप तापवावं लागतं, म्हणून या पट्ट्या १८० ते २३० अंश सेल्सिअसपर्यंत तापतात. कोरड्या केसातल्या केराटिनची मूळ घडण साधारण २३० अंशांच्या आसपास कायमची मोडते, म्हणजे आपण कडेलोटाच्या अगदी काठावर काम करत असतो. केस ओले असतील तर ही मर्यादा कितीतरी खाली येते. त्यात घाईने ओलसर केसांवरच स्ट्रेटनर फिरवला, तर आतलं पाणी उकळून वाफ होते, ती वाफ गाभ्यात बुडबुडे पाडते आणि केस तिथेच तुटतो. सूक्ष्मदर्शकाखाली असा केस आतून पोकळ, फुगवट्यांचा दिसतो. तापलेल्या चिमट्याने हे १२५ अंशांनाही झाल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. पट्टीखालून ‘चर्रर’ असा आवाज आला तर ती वाफच समजा.

उलट, केसात पाणी मुरलेलं असतं तेव्हा केराटिन साध्या खोलीच्या तापमानालाच नरम असतं. जे काम कोरड्या केसावर दोनशे अंश करतात, ते ओल्या केसावर हलका ताण आणि थोडा वेळ करतो. अट एकच. केस ताणलेल्या अवस्थेतच पूर्ण वाळला पाहिजे. बाहेरून कोरडा आणि आत ओलसर राहिला, तर सोडल्यावर तासाभरात वळतो. घरी केलेला प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा इथेच.

यासाठी नागपूरचा उन्हाळा फार उपयोगाचा आहे. एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता कितीतरी वेळा वीस टक्क्यांच्या आसपास येते. केस धुऊन कंडिशनर लावा, तो केसात असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे जात गुंता सोडवा. कुरळा केस कोरडाच ओढण्यापेक्षा असा ओला असताना सोडवला, तर कमी तुटतो. मात्र ओला केस फार ताणूही नये. मूळ लांबीच्या तीस टक्क्यांपलीकडे ताणला तर तो पूर्ववत होत नाही. मग सुती पंच्याने दाबून पाणी टिपा, चोळू नका. केस नुसते ओलसर राहिले, की भांग पाडून ते डोक्याभोवती एकाच दिशेने चपटे गुंडाळत जा, चपट्या पिना लावा आणि वर सॅटिनचा रुमाल बांधा. अर्धे वाळल्यावर सोडून उलट दिशेने गुंडाळले, तर मुळांजवळचा फुगवटाही बसतो. फार घट्ट कुरळे केस असतील तर दोन-चार पोनी बांधा आणि प्रत्येक पोनीला वरपासून खालपर्यंत दोन-दोन इंचांवर कापडी रबर लावा. केस आरशासारखे सरळ होणार नाहीत, हे आधीच सांगते. ते लांब दिसतात, मोकळे पडतात, हाताला मऊ लागतात. मला तरी तेवढं पुरेसं वाटतं.

केस पंख्याखाली, सावलीत वाळवा. उन्हातली अतिनील किरणं केसातलं प्रथिन आणि रंगद्रव्य दोन्ही बिघडवतात. आणि एक खास आपल्याकडची अडचण म्हणजे कूलर. बाहेर हवा कितीही कोरडी असली तरी कूलरसमोरच्या खोलीत ती ओलसर असते. केस गुंडाळून रात्रभर कूलरच्या झोतात झोपलात, तर ते वाळणारच नाहीत. ते संध्याकाळीच गच्चीवर किंवा दुसऱ्या खोलीत वाळवून मग झोपायला जा. गाडीवर जाताना उन्हासाठी डोक्याला गुंडाळलेल्या सुती ओढणीखाली घाम साचतो, तोही तेच करतो. आत सॅटिनचा पातळ रुमाल ठेवला तर घासणं तरी कमी होतं.

आकार धरून ठेवायला काहीतरी लागतं, आणि त्यासाठी विदर्भाच्या घरात चटणीकरता असतोच तो जवस कामी येतो. जवसाच्या सालीत बुळबुळीत, पाणी धरून ठेवणारा पदार्थ असतो. तो केसावर पातळ थर होऊन वाळतो आणि केसांना एकत्र धरतो. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ठेवा आणि सतत ढवळा, नाहीतर बी तळाला चिकटतं. आधी पांढरा फेस येतो, मग पाणी जड होत जातं. चमच्यावरून थेंब तुटण्याऐवजी तार लोंबू लागली की लगेच गॅस बंद करा आणि गरम असतानाच जाळीदार कापडातून गाळा. थंड झाल्यावर ते गाळता येत नाही, बिया आणि जेल एकच गोळा होऊन बसतात. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. वास बदलला तर फेकून द्या. गुंडाळण्याआधी ओलसर केसांना अगदी थोडं लावायचं. जास्त झालं की वाळल्यावर कोंड्यासारखे पांढरे पापुद्रे पडतात.

पावसाळ्यात हे सगळं अवघड होतं. तेव्हा हवेतलंच पाणी केसात शिरतं, हायड्रोजन बंध सुटतात आणि डायसल्फाइड बंधांनी जपलेलं मूळ वळण वर येतं. केस हवेतल्या ओलाव्याला इतक्या नेमाने प्रतिसाद देतो की १७८३ मध्ये जिनिव्हाचे शास्त्रज्ञ ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी माणसाच्या केसावर चालणारं आर्द्रता मोजण्याचं यंत्र वर्णन करून प्रसिद्ध केलं. पुढे हवामान केंद्रांतही अशी यंत्रं वापरली गेली.

पावसाळ्यात केस तासन् तास ओले राहणंही चांगलं नाही. २०११ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी ड्रायरने आणि नुसत्या हवेवर वाळवलेल्या केसांची तुलना केली. ड्रायरने केसाच्या पृष्ठभागाचं जास्त नुकसान झालं, पण पेशींना जोडणारा आतला थर फुगून बिघडला तो फक्त हवेवर वाळवलेल्या केसांत, कारण ते दोन तासांहून जास्त ओले होते. ड्रायर पंधरा सेंटिमीटर दूर धरून सतत हलवत ठेवणं त्यांना सगळ्यात बरं वाटलं. तेवढ्या अंतरावर केसाशी तापमान होतं ४७ अंश. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात ४७.९ नोंदलं गेलं होतं, म्हणजे ही काही केस जाळणारी उष्णता नव्हे. जुलै-ऑगस्टमध्ये असा ड्रायर वापरायला मी निःसंकोच सांगेन.

धुण्याआधी खोबरेल लावण्याची आईची सवय मात्र सोडू नका. खोबरेल तेलातलं लॉरिक ॲसिड आकाराने छोटं आणि सरळ असल्याने केसाच्या आत शिरतं. रेले आणि मोहिले यांच्या २००३ मधल्या अभ्यासात त्यामुळे केसांतून निघून जाणारं प्रथिन कमी झालं. सूर्यफूल तेलाने आणि खनिज तेलाने ते साधलं नाही.

सलोनमधल्या ‘केराटिन’ किंवा स्मूदनिंगबद्दल गंभीरपणे सांगायला हवं. त्यातल्या काही क्रीमांत फॉर्मॅल्डिहाइड किंवा गरम केल्यावर ते सोडणारी रसायनं असतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मॅल्डिहाइड माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. त्याऐवजी आलेल्या ग्लायॉक्सिलिक ॲसिडचीही आता काळजी वाटते. २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीची हकीकत आली. तिने तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना अचानक इजा झाली. तिच्या क्रीममध्ये १० टक्के ग्लायॉक्सिलिक ॲसिड होतं. तेच क्रीम उंदरांच्या त्वचेवर लावल्यावर त्यांच्या मूत्रपिंडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक सापडले.

म्हणून खुर्चीत बसण्याआधी बाटली मागून घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. फॉर्मॅल्डिहाइड, मिथिलीन ग्लायकॉल किंवा ग्लायॉक्सिलिक ॲसिड दिसलं, किंवा बाटलीवर घटकच छापलेले नसले, तर उठून या. क्रीम लावताना डोळे चुरचुरले, डोक्याची त्वचा जळजळली, तर तिथल्या तिथे धुवायला सांगा. नंतर उलट्या, कंबरदुखी किंवा लघवी कमी होणं यांपैकी काही जाणवलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि केसांना काय लावलं होतं ते त्यांना आठवणीने सांगा.